भाताचे हात

निडी, ता. रोहा
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय अपेक्षा,

अनेक आशीर्वाद. प्रविणरावांना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. इकडे सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी.

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी आजारी नाही. फोन का नाही केला म्हणशील, तर केला होता, बाई. पण 'बाबा' हा शब्द आला की तुमच्या माणदेशातली रेंज जाते. बाकी सगळ्या विषयांना रेंज असते. आईशी तू लसणाच्या चटणीवर अर्धा तास बोलतेस, आणि तिने 'बाबांकडे देऊ का' म्हटलं की तुझं 'हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही' सुरू होतं. पत्राला रेंज लागत नाही आणि ते मध्येच कापताही येत नाही. म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच एवढं लिहायला बसलोय. अक्षराला हसू नकोस. कंपनीत आम्ही फक्त सह्या करतो.

आधी घरचं सांगतो. आईचा गुडघा तसाच आहे, पण परवा जिते गावी मामाकडे बारशाला जायचं म्हटल्यावर कसा काय बरा झाला देव जाणे. गाडीत उभ्याने गेली, उभ्याने आली, आणि घरी आल्यावर पुन्हा दुखायला लागला. तुझी पूजावहिनी शिवणकाम करते, माझ्यावर ओरडते, दोन्ही एकाच वेळी. माझी या आठवड्यात पहिली शिफ्ट आहे. पहाटे धाटावच्या बसला पळतो आणि दुपारी चारच्या सुमाराला घरी येतो. भात झोडून झालं. यंदा कमी आलं, त्याचं कारण पुढे लिहितो. वाल अर्धाच पेरलाय. अर्धा का, तेही पुढे येईल.

बाबा आहेत.

सप्टेंबरात ते तुझ्याकडून ठरल्यापेक्षा आठ दिवस आधी परत आले, तेव्हा आम्हाला वाटलं, घरची ओढ लागली असेल. गणपती झाल्यावर भात पोटरीला येईपर्यंत शेतकऱ्याला काम नसतं, लेकीकडे महिनाभर राहतो म्हणून ऐटीत गेले होते. आईने विचारलं, "काय वो, एवढ्यात?" तर म्हणाले, "तिकडचा पाणी सोसला नाय." आईनेही ते खरं मानून सुंठ उगाळून दिली. ती त्यांनी गुपचूप घेतली. सुंठ न कुरकुरता घेतली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मग दिवाळी संपता संपता इकडे पाऊस आला. भात कापणीला आलेलं आणि खालच्या शेतात पाणी तुंबलेलं. तुला माहीतच आहे, अशा वेळी काय करायचं ते आपल्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. फावडं घ्यायचं, बांधाला खांड पाडायची, पाणी खालच्या अंगाला सोडायचं. आयुष्यभर बाबांनी हे झोपेतून उठून केलंय. स्वतःच्याच काय, शेजाऱ्याच्या शेतात पाणी दिसलं तरी जाता जाता दोन फावडी मारून पुढे जायचे.

त्या दिवशी मी कंपनीतून आलो तर आई बांधावर उभी राहून ओरडत होती. "अवो, पाणी काढा की! भात झोपला सगळा!" आणि बाबा बांधावर हात मागे बांधून उभे. फावडं पायाशी पडलेलं. पावसात भिजत नुसते पाण्याकडे बघत होते. मला वाटलं, माणसाला काही झालं की काय. मी फावडं उचललं आणि खांड पाडली, तर त्यांनी तोंड फिरवलं. पाण्याचा आवाज ऐकवेना म्हणून ते चक्क घरी निघून गेले. तोवर बरंच भात आडवं झालं होतं, पुढे लोंब्यांना मोड आले. यंदाचं भात कमी येण्याचं कारण हे.

आईने त्यांना फैलावर घेतलं. मी पण बोललो, खोटं कशाला सांगू. ते एवढंच म्हणाले, "माझ्या हाताचा आता भरवसा नाय." आम्हाला त्याचा अर्थ कळला नाही. तुला कळेल.

गेल्या आठवड्यात, मी कॅन्टीनमध्ये जेवत होतो, तेव्हा प्रविणरावांचा फोन आला. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांनी तुझी चहाडी केली नाही, काळजीपोटी केला. म्हणाले, "दादा, अपेक्षाचं काय चाललंय ते मला समजत नाही. आमच्या गावातल्या गिरजाबाईंच्या शेताच्या बांधाचा सांडवा, जादा पाणी जायची वाट, तिने आणि मी मिळून मोजली होती, पट्टी मीच धरली होती. तो सांडवा चुकीचा असूच शकत नाही. आणि ही गावच्या बैठकीत उठून सांगते, आखणीत माझी चूक झाली, सांडवा मी उंच धरला म्हणून बांध फुटला."

मग त्यांनी मला पहिल्यापासून सगळं सांगितलं, कारण मला तुझ्या त्या कामाचं ओ की ठो माहीत नव्हतं. दापोलीला शेतकी शिकायला गेलीस आणि येताना माणदेशचा नवरा घेऊन आलीस, एवढंच आमच्या डोक्यात. तिथे जाऊन तू गावाची अख्खी जमीन पायाखाली घातलीस, शाळेच्या भिंतीवर गावाचा नकाशा काढून तीन रंग दिलेस, हे मला जावयाच्या तोंडून कळलं. माथ्यावरची जमीन, जिथे नुसता मुरूम उरलाय. तळातली जमीन, जिच्यावर पांढरा थर चढून काही उगवत नाही. आणि मधली, जिच्यात अजून वीतभर माती आहे, पण दर पावसात थोडी थोडी वाहून जातेय. उन्हाळ्यात बांध घालायचं यंत्र मिळणार मोजकेच दिवस, माणसं तेवढीच, मग आधी कुठे? सगळं गाव म्हणत होतं, तळातल्यांचं आधी, त्यांचे हाल बघवत नाहीत. आणि तू म्हणालीस, माथ्यावर चराई बंद करा आणि यंत्र मधल्या जमिनीत लावा. जी गेलीय तिला उशीर झाला तरी ती तिथेच आहे. जी जातेय ती पुढच्या वर्षी नसेल, आणि तिच्यामागून सगळं गावच ओसाड होईल.

मला विचारशील तर मी बैठकीत असतो तर तळातल्यांच्याच बाजूने हात वर केला असता. ज्याचं जास्त वाईट झालंय त्याचं आधी, असं कुणालाही वाटेल. त्यांच्या वतीने बोलणारा तो निकेश, त्याचंही काही चुकत नाही. त्याच्या आईने म्हणे त्याच पांढऱ्या रानात बाजरी काढलेली आहे. तरी पण त्यांनी तुझं ऐकलं. पहिल्या वर्षी एक शेत करून बघू, गिरजाबाईंचं, त्यात ओल धरली तर पुढे तुझ्या क्रमाने जाऊ, असं ठरलं. आणि नेमका तोच बांध पहिल्याच मोठ्या पावसात गेला. आता पुढच्या रविवारी बैठक आहे, आणि त्यात तुझी भिंत पुसायची, यंत्र तळात न्यायचं, असं जवळजवळ ठरल्यात जमा आहे. मधल्या पट्ट्यातल्या लोकांनी पुन्हा वाट बघायची. आणि तू गप्प आहेस.

कॅन्टीनमध्ये माझा घास हातातच राहिला. बांध गेला तो दिवस आणि बाबा परत आले तो दिवस, यांत एका रात्रीचं अंतर होतं.

त्या दुपारी घरी न जाता मी तडक शेतात गेलो. बाबा वाल पेरत होते. मूठभर माती दाबून बघायची, गोळा झाला तर बी टाकायचं, हे त्यांचं चालू होतं. मी म्हटलं, "बाबा, गिरजाबाईंचा बांध फुटला का तुम्ही फोडला?"

ते उठले नाहीत. मातीचा तो गोळा हातात तसाच धरून म्हणाले, "फोडला."

मग जे बोलले ते मी त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण तुझ्यापुढे ते हे बोलू शकले नाहीत.

"ती बाई बाजाराला गेल्याली. पाऊस लागला असा, की आपलाच पाऊस वाटला रे. मी तिच्या शेताकडं गेलो तर पाणी बांधाच्या गळ्याशी आलेला. बांध नवा, माती बसलेली नाय. कडंला तुरीच्या दोन वळी, त्यांचे पाय पाण्यात. कडधान्याचे पाय भिजत राहिले की संपला ना? मी म्हटला, एकटी बाई हाय, बिचारीचा बांध पण जाईल आन तूर पण जाईल. फावडा तिच्याच पडवीत होता. घेतला आन खांड पाडली. बाकी काय डोक्यात आलाच नाय. आपल्याकडं कुणाच्या पण शेतात पाणी तुंबला तर आपण विचारत बसतो का?"

"मग?"

"मग पाणी गेला तो माती घेऊन गेला. हातभर पाडलेली खांड बघता बघता बैलगाडी जाईल येवढी झाली. मी आडवा बसलो तिच्यात, पाठ लावून. पण थांबतंय व्हय? तवा माझ्या डोक्यात उजेड पडला, की येवढ्याच पाण्यासाठी पोरगी वर्षभर राबली. हितं पाणी घालवायचा नसतो, धरायचा असतो. आन मी वालवाला माणूस, जन्मभर ओलीवर कडधान्य घेतलेला. मला कळू नये? पण पावसात माझे हात भाताचे होतात रे."

तू धावत आलीस, त्यांना खांडीत बसलेलं बघितलंस, आणि जे बोललीस तेही त्यांनी सांगितलं. "तुम्ही इथं यायलाच नको होतं, बाबा." हे सांगताना त्यांनी तुझीच बाजू घेतली. म्हणाले, "तिच्या जागी मी असतो तर दांडाच घातला असता. ती नुसती बोलली."

मला मात्र तुझा राग आला, हे लिहून टाकतो. ज्या माणसाने तुझ्या फीसाठी बैलजोडी विकली आणि आम्हाला सांगितलं की बैल म्हातारे झाले होते, त्याला तू असं बोललीस. पावसात, चिखलात, लोकाच्या शेतात. दोन दिवस मी मनात तुझ्याशी भांडत होतो. मशीनवर उभा राहून पण भांडत होतो, सुपरवायझर विचारत होता काय पुटपुटतोस.

पण मग एकेक गोष्ट जुळत गेली. रात्रीतून ती खांड इतकी रुंदावली की सकाळी बघणाऱ्याला बांध आपोआप फुटलाय असंच वाटलं. खरं माहीत होतं फक्त तुला. बैठकीत एक वाक्य बोलली असतीस तर तुझी आखणी वाचली असती. पण मग सासरच्या गावात तुझ्या बापाचं नाव निघालं असतं. दर बाजाराला, दर लग्नाला, 'हिच्या बापाने बांध फोडला.' म्हणून तू चूक आपल्या अंगावर घेतलीस, तीन वर्षांचं काम पुसू द्यायला तयार झालीस, आणि फोनवर बाबांचं नाव निघालं की रेंज घालवतेस, कारण त्यांच्याशी बोललीस तर हे बाहेर पडेल. राग आहे म्हणून तू बोलत नाहीस असं आम्ही समजत होतो. वेडी आहेस तू, अपू. लहानपणी माझ्या हातून फुटलेल्या माठाचा मार पण तूच खाल्ला होतास.

पूजा जेवायला हाका मारतेय. उरलेलं नंतर लिहितो.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

रविवारी हे पत्र इथेच थांबलं आणि चार दिवस तसंच राहिलं. शिफ्टचं निमित्त सांगू शकतो, पण खरं म्हणजे पुढचं कसं लिहावं ते सुचत नव्हतं.

त्या दुपारी शेतात मी बाबांना बैठकीचंही सांगितलं. त्यांना ते माहीतच नव्हतं. त्यांची समजूत अशी, की तू गावाला खरं काय ते सांगितलं असणार, तिकडे सगळे त्यांना नावं ठेवत असणार, आणि ते त्यांनी गिळून टाकलं होतं. मी म्हटलं, "नाय बाबा. तिने सांगितलं चूक माझी. सांडवा मी चुकवला." तर त्यांनी बियाण्याची टोपली खाली ठेवली. मग म्हणाले, "सगळ्या गावापुढं बोलली?" मी हो म्हटलं. "माझ्या पोरीनं?" मी पुन्हा हो म्हटलं. मग ते रडले. आजी गेली तेव्हाही मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. वाल त्या दिवशी जो अर्धा राहिला तो राहिलाच.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती आधी त्यांच्यावर कडाडली, मग तुझ्यावर, मग काही कारण नसताना माझ्यावर. शेवटी चुलीपुढे बसून म्हणाली, "बाप तसा, पोर तशी. एकाला बोलता येत नाय, दुसरी बोलत नाय. आन मी मधी सुंठ उगाळत बसलीय." मग डोळे पुसून म्हणाली, "तिच्या गावाला खरा सांगाय पायजे. दुसऱ्याच्या तोंडचा घास जातोय."

मी म्हटलं, मी प्रविणरावांना फोन करतो, ते बैठकीत सांगतील. बाबांनी मान हलवली. म्हटलं, मग तुम्ही फोनवरून बोला, ते फोन सगळ्यांपुढे धरतील. त्यालाही नाही. "फोडला हातानं आन सांगू फोनवरनं?" असं म्हणून त्यांनी फावड्याचा जुना दांडा काढून नवा बसवायला घेतला. आईने रोह्याहून नवे पोहे आणवले. माझ्या लक्षात आलं, पण मी विचारलं नाही.

तुझ्या त्या क्रमाबद्दल ते काय म्हणाले ते ऐक, कारण मला तुझं म्हणणं त्यांच्यामुळे पटलं. ते म्हणाले, "मोठ्या पुराच्या साली आपल्या नदीकडच्या शेतात कंबरभर वाळू येऊन पडली. सगळे म्हणाले, आधी वाळू काढ. मी पहिला शेजारच्या शेताचा बांध धरला, त्याची माती चाललेली. वाळूचा शेत मग तीन वर्षांनी उपसला. भाऊबंद मला येडा म्हणाले. पण त्या तीन वर्षांत तुम्ही जेवलात कुठल्या शेतावर? पोरगी तेच सांगतेय. तळातल्यांना पण मी हेच सांगीन. वाईट दिसेल, पण सांगीन. आन त्यांचा नंबर आल्यावर माती उचलाय येईन."

मी म्हटलं, "गाव काय म्हणेल तुम्हाला, ते माहीत आहे ना?"

"म्हणू दे. खराच हाय ते. आन जो म्हणायचा तो मला म्हणू दे, तिला नको."

गिरजाबाईंच्या बांधाची खांड ते स्वतः भरणार आहेत. नवी माती कशी थराथराने चोपायची, त्याची तीन वेळा मला उजळणी करून दाखवली, जसा काही मीच भरायला जाणार आहे. तुरीला धक्का लागणार नाही असंही म्हणाले. गिरजाबाईंच्या हातची भाकरी त्यांनी खाल्लीय, त्याचं त्यांना फार लागलंय. सांडव्याला मात्र हात लावणार नाहीत. "तो तिनं मोजलाय, तो बरोबरच असणार," एवढंच.

आता तुला माझं सांगणं. बैठकीत ते उठून बोलायला लागले की त्यांना अडवू नकोस. 'बाबा, बसा' म्हणू नकोस. माझ्यासाठी, घरासाठी, त्यांच्या नावासाठी तू गप्प राहिलीस, ते आम्हाला पोचलं. जन्मभर पुरेल एवढं पोचलं. पण नाव झाकलं तरी ते इकडे बांधावर हात बांधून उभे राहतात, आणि आपलं भात पाण्यात झोपतं. त्यांना त्यांचे हात परत हवेत. ते तुझ्या गावातच मिळतील, इथे नाही.

राग असेल तर राहू दे, तो एका दिवसात जावा अशी माझी अपेक्षा नाही. पण बोल त्यांच्याशी. शिव्या दे, तरी चालेल.

एक गोष्ट मी पहिल्याच ओळीत लिहायला हवी होती, पण मग तू पुढचं वाचलंच नसतंस. या पाकिटावर तिकीट नाही, शिक्का नाही, हे तू बघितलंच असशील. पोस्टमनने आणलेलं नाही. मी त्यांना उद्या पनवेलपर्यंत सोडून साताऱ्याकडच्या एसटीत बसवून देणार आहे, आणि हे पत्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असेल. तुला आधी कळवू का विचारलं, तर नको म्हणाले. "विचारलंस तर नको बोलेल. आन समोर जाऊन पण मी आत जाणार नाय. यायला नको होता, असा ती बोललीय. चिठ्ठी देईन आन अंगणात थांबीन. ती 'या' बोलली तर जाईन, नायतर गिरजाबाईच्या बांधावर जाऊन काम करीन आन रविवारी बैठकीला येईन."

म्हणजे तू हे वाचते आहेस तेवढा वेळ ते बाहेर उभे आहेत. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं फावडं आहे, हातात पोह्यांची पिशवी आहे, आणि एसटीत ते पाणी पीत नाहीत हे तुला माहीत आहे.

पत्र खूप लांबलं, अपू. आता खाली ठेव, तांब्या भर, आणि त्यांना आत घे.

तुझा दादा,
जितेश